व्हर्सायचा तह कडक होता की कच्चा?

प्रश्न असा आलाय की पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये झालेल्या व्हर्सायच्या तहात जर्मनीला एवढं पिळलं नसतं तर हिटलर आलाच नसता का, आणि त्याला जोडून दुसरा की मग जिंकणाऱ्यांनी तरी त्यातून काय कमावलं. पहिल्याचं छोटं उत्तर, एवढं सरळ नाही. दुसऱ्याचं, कमावलं बरंच पण सांभाळता आलं नाही.

आता लांब उत्तर. मी कॉलेजात विसाव्या शतकाचा इतिहास शिकवतोय त्याला सव्वीस वर्षं झाली, आणि कबूल करतो की पहिली सात-आठ वर्षं मी पण फळ्यावर तेच बाण काढायचो, अन्यायी तह, बाण, महागाई, बाण, हिटलर. पोरांना पाठ करायला सोपं, मला पेपर तपासायला सोपं. मग एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं की सर, १९४५ ला तर जर्मनीचे तुकडे केले, मग त्यानंतर का नाही परत युद्ध झालं? तासाची बेल झाली म्हणून वाचलो. कारण तिचं बरोबरच होतं, १९४५ ला जे केलं त्याच्यापुढे व्हर्साय म्हणजे सौम्यच, आणि कडकपणा हेच कारण असेल तर १९६५ च्या आसपास तिसरं महायुद्ध व्हायला हवं होतं.

तेव्हापासून मी शिकवताना कलमं नंतर घेतो, आधी १९१८ चा शेवट घेतो, कारण घोडं तिथेच पेंड खातं. २९ सप्टेंबरला लुडेनडॉर्फ, म्हणजे खुद्द लष्कराचा खरा कर्ताधर्ता, सरकारला सांगतो की ताबडतोब युद्धबंदी मागा. हे बंद दाराआड. बाहेर साध्या जर्मन माणसाला काय दिसतंय? मार्चमध्ये ब्रेस्ट-लिटोव्स्कला रशियाकडून केवढा तरी मुलूख लिहून घेतलाय, आपलं सैन्य अजून बेल्जियम आणि फ्रान्सच्या जमिनीवर आहे, अल्सासचा एक कोपरा सोडला तर देशात शत्रूचा सैनिक नाही, कारखाने जागच्या जागी उभे. खायचे हाल आहेत, नाकेबंदी आहे, पण हरलोय असं काही दिसत नाही. आणि ११ नोव्हेंबरला अचानक कळतं की हरलो. महिनाभराने, १० डिसेंबरला, बर्लिनमध्ये परत आलेल्या पलटणींचं स्वागत करताना नव्या सरकारचा प्रमुख, समाजवादी एबर्ट म्हणाला की तुम्हाला कुठल्याही शत्रूने हरवलेलं नाही. बिचाऱ्याला थकल्या माणसांना धीर द्यायचा होता. पुढच्याच वर्षी युद्धातल्या सरसेनापती हिंडेनबुर्गने चौकशी समितीपुढे तोच धागा पकडला, सैन्य हरलं नाही, पाठीत सुरा खुपसला गेला, आणि सुरा कुणाचा म्हणाल तर बोट रोखलं गेलं एबर्टच्याच पक्षावर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे सुंभ जळलाय हेच बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, सही कुणाची. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलेली असते. कॉम्पियेनच्या जंगलात रेल्वेच्या डब्यात युद्धबंदीवर सही करायला शिष्टमंडळाचा प्रमुख म्हणून पाठवला माथियास एर्झबर्गर, साधा राजकारणी, ना सेनापती ना सरदार. ज्या सेनापतींनी युद्ध चालवलं ते तिथे नव्हतेच. मग २८ जून १९१९, ज्या साराजेव्होच्या खुनाने युद्ध पेटलं त्याला बरोबर पाच वर्षं, जागा व्हर्सायचा आरसेमहाल, जिथे १८७१ मध्ये फ्रान्सला हरवून जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती. फ्रान्सच्या पंतप्रधान क्लेमांसोने जागा मुद्दाम निवडलेली. त्यात आणखी एक, सहीच्या टेबलाजवळ त्याने पाच फ्रेंच सैनिक उभे केले ज्यांचे चेहरे युद्धात अक्षरशः उडाले होते. जर्मनांनी आत येताना ते बघावेत म्हणून. आणि आत कोण आलं? हर्मान म्युलर आणि योहानेस बेल, एक समाजवादी, एक कॅथलिक पक्षाचा, दोघंही नव्या लोकशाही सरकारचे मंत्री. तासाभरात सगळा कार्यक्रम उरकला. म्हणजे बघा, ज्यांनी युद्ध सुरू केलं, चालवलं आणि हरलं, त्यांच्यापैकी कुणाचंच नाव त्या कागदावर नाही, आणि ज्या लोकांबरोबर फ्रान्सला पुढची वीस वर्षं शांततेत काढायची होती त्यांच्याच माथी तो अपमान मारला. एर्झबर्गरला १९२१ च्या ऑगस्टमध्ये फिरायला गेलेला असताना गोळ्या घातल्या.

आता कलम २३१, ज्याला सगळे युद्धाच्या दोषाचं कलम म्हणतात. दरवर्षी मी त्याचा अनुवाद वर्गात वाटतो आणि सांगतो की यातला दोष किंवा अपराध हा शब्द शोधून दाखवा. सापडत नाही. जबाबदारी आहे, नुकसान आहे, आक्रमण पण आहे, अपराध नाही. ते कलम वकिलांनी घातलेलं होतं आणि त्याचं कारण अगदी व्यवहारी होतं. ब्रिटन-फ्रान्सच्या मतदारांना युद्धाचा पूर्ण खर्च जर्मनीकडून हवा होता, अमेरिकनांना दिसत होतं की एवढा पैसा जगात नाही. म्हणून तोड काढली की २३१ मध्ये तत्त्वतः सगळ्याची जबाबदारी जर्मनी आणि मित्रांची असं लिहायचं आणि लगेच खाली २३२ मध्ये लिहायचं की एवढं सगळं द्यायची ऐपत त्यांच्याकडे नाही, तेव्हा मुख्यतः नागरिकांचं झालेलं नुकसान तेवढं भरा. हा मसुदा ज्यांच्या हातून तयार झाला त्यात जॉन फॉस्टर डलेस नावाचा एकतिशीचा अमेरिकन वकील होता. हे नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे. ऑस्ट्रिया आणि हंगेरीच्या तहातही असंच कलम आहे, तिथे त्यावरून एवढा गहजब झाला नाही, कारण तिथे रडायला दुसऱ्या मोठ्या गोष्टी होत्या. हंगेरीने त्रियानोंच्या तहात दोन तृतीयांशांपेक्षा जास्त प्रदेश गमावला आणि तीसेक लाख हंगेरियन रातोरात दुसऱ्या देशांचे नागरिक झाले. त्यामानाने जर्मनीचा गेला तेरा टक्के प्रदेश, त्यातही बराचसा असा जिथे जर्मन बहुसंख्य नव्हते.

पैशाचं बघू. मे १९२१ मध्ये आकडा ठरला १३२ अब्ज सोन्याचे मार्क. हा आकडा परीक्षेत सगळे लिहितात. तो तीन प्रकारच्या बाँडमध्ये विभागलेला होता आणि त्यातला तिसरा प्रकार, ८२ अब्जांचा, कधी वसूल होईल असं ठरवणाऱ्यांना पण वाटत नव्हतं, तो घरच्या लोकांना दाखवायला होता. खरी मागणी ५० अब्ज. आणि शेवटपर्यंत जर्मनीने दिले साधारण २० अब्ज, ते पण १९२४ नंतर बरेचसे अमेरिकेकडून कर्ज काढून, जे पुढे बुडालं. म्हणजे अमेरिका जर्मनीला देणार, जर्मनी फ्रान्स-ब्रिटनला, ते अमेरिकेचं युद्धकर्ज फेडणार. याची टोपी त्याला, त्याची याला. तुलनेला १८७१ घ्या. बिस्मार्कने फ्रान्सवर ५ अब्ज फ्रँकची खंडणी बसवली, वर अल्सास-लॉरेन घेतलं, फ्रान्सने १८७३ मध्येच सगळी रक्कम चुकती करून जर्मन सैन्य घालवलं. पैसा फिटला, पण पॅरिसच्या चौकात स्ट्रासबुर्ग शहराचा पुतळा होता त्याला लोक वर्षानुवर्षं काळं कापड आणि हार घालत राहिले. पैशाची जखम भरते, प्रांताची भरत नाही असं मी यावरून सांगायचो, पण तेही पूर्ण खरं नाही, ते पुढे बघू.

महागाईबद्दल मात्र एक स्पष्ट करतो कारण त्यात फार गोंधळ असतो. जर्मनीने १९२२ च्या शेवटी लाकडाचा ठरलेला हप्ता चुकवला, त्यात टेलिग्राफचे खांब होते, हो खांब, मग कोळसा पण कमी पडला, आणि ११ जानेवारी १९२३ ला फ्रेंच आणि बेल्जियन सैन्य जर्मनीच्या कोळसा-पोलादाच्या ऱ्हूर भागात घुसलं. जर्मन सरकारने कामगारांना सांगितलं घरी बसा, पगार आम्ही देतो, आणि पगार द्यायला नोटा छापल्या. त्याआधीच छापखाना जोरात होता, युद्धही कर्जावरच लढलेलं होतं. नोव्हेंबरमध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क. ज्यांनी आयुष्यभर बँकेत साठवलं त्यांचं सगळं गेलं, आणि त्यांनी दोष दिला तहाला, छापखान्याला नाही. फ्रान्सच्या बाजूने म्हणाल तर हात दाखवून अवलक्षण. मिळालं थोडं, फ्रँक घसरला, ब्रिटन-अमेरिका नाराज झाले आणि एकट्याने तह लागू करायची फ्रान्सची हिंमत तिथेच संपली.

इथून जिंकणाऱ्यांकडे वळतो. फ्रान्सची बाजू आपण नीट ऐकतच नाही. तेरा लाखांवर माणसं मेली, पश्चिम आघाडीवरचं युद्ध बहुतेक त्यांच्याच जमिनीवर झालं, माघार घेताना जर्मनांनी लॉन्सच्या कोळशाच्या खाणी पाण्याने भरून टाकल्या. लोकसंख्या चार कोटींच्या आत, शेजारी सहा कोटींचा आणि त्याचे कारखाने शाबूत. फ्रान्सला ऱ्हाइन नदीपर्यंत मुलूख तोडून हवा होता, तो सोडायला लावला आणि बदल्यात अमेरिका-ब्रिटनने वचन दिलं की तुमच्यावर हल्ला झाला तर आम्ही येऊ. मग अमेरिकेच्या सिनेटने तहच नाकारला, वचनाचा करार तर विचारातच घेतला नाही, ब्रिटनचं वचन अमेरिकेच्या वचनाला बांधलेलं होतं त्यामुळे तेही गेलं. म्हणजे हमीच्या भरवशावर मालमत्ता सोडली आणि हमीदार पळाला. त्यानंतर फ्रान्स जे काही करतो, ऱ्हूरपासून माजिनो रेषेच्या भिंतीपर्यंत, ते मला तरी जिंकलेल्या देशासारखं वाटत नाही.

ब्रिटनची गंमत वेगळी. त्यांना वर्षभरातच अपराधी वाटायला लागलं, अर्थतज्ज्ञ केन्सने १९१९ च्या अखेरीस तहावर कडाडून टीका केली ती घरोघरी पोचली, आणि मार्च १९३६ मध्ये हिटलरने ऱ्हाइनलँडमध्ये, म्हणजे तहाने सैन्यबंदी केलेल्या जर्मन पट्ट्यात, सैन्य घातलं तेव्हा ब्रिटनमध्ये लोक म्हणत होते की जर्मन स्वतःच्याच परसात तर चाललेत. तह करणाऱ्यालाच तह चुकीचा वाटतो तेव्हा तो पाळायला कोण लावणार? इटली जिंकलेल्यांत होती पण हवं ते मिळालं नाही म्हणून तिचा पंतप्रधान ऑर्लांडो पॅरिसची शांतता परिषद सोडून निघून गेला, सप्टेंबरमध्ये कवी द'अनुंझिओने फ्युमे शहर ताब्यात घेतलं आणि "अपंग विजय" हा शब्द मुसोलिनीच्या आयता कामाला आला. जपानने राष्ट्रसंघाच्या करारात वंशसमानतेचं कलम मागितलं, १७ पैकी ११ मतं पडली तरी बैठकीचे अध्यक्ष, अमेरिकेचे विल्सन, म्हणाले एकमत हवं. त्याऐवजी चीनमधल्या शानतुंगवरचे जर्मनीचे हक्क दिले, म्हणून चीनमध्ये ४ मे चं आंदोलन पेटलं, आणि चीनने जिंकलेल्या बाजूला असून सहीच केली नाही.

आणि वसाहती. भारताच्या वतीने व्हर्सायच्या तहावर ब्रिटनचे भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज गंगासिंग यांच्या सह्या आहेत. कागदावर आपण विजेते. टिळक तेव्हा इंग्लंडमध्ये होते, काँग्रेसने परिषदेसाठी त्यांचं नाव दिलेलं, पण सरकारने पॅरिसला जाऊ दिलं नाही, शेवटी त्यांनी क्लेमांसोला निवेदन पाठवलं. जानेवारीत परिषद सुरू झाली, एप्रिलमध्ये जालियनवाला झालं, जूनमध्ये सही. कोरियात मार्चमध्ये उठाव, इजिप्तमध्येही त्याच महिन्यात. स्वयंनिर्णय हा शब्द विल्सन युरोपपुरता बोलत होते, ऐकणाऱ्यांनी तो सगळ्या जगासाठी ऐकला, आणि मला विचाराल तर जिंकलेल्या साम्राज्यांच्या शेवटाची सुरुवात या कानातल्या फरकातून झाली, जरी तिला अजून तीसेक वर्षं लागली.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. १९४५ ला जर्मनीचा १९३७ च्या हद्दीतला जवळपास चौथा हिस्सा गेला, पूर्वेकडून सव्वा कोटीच्या आसपास जर्मन हाकलले गेले, उरलेल्याचे चार भाग, सोव्हिएत भागातून अख्खे कारखाने रूळांसकट उचलून नेले. प्रांताची जखम भरत नाही या माझ्या वाक्याची इथे वाट लागते, कारण कोनिग्जबर्ग गेलं, ब्रेस्लाऊ गेलं, आणि तरी सैन्य घेऊन ते परत आणायची भाषा पुढे टिकली नाही. फरक कुठे? एक तर शहरं जमीनदोस्त, परके सैनिक प्रत्येक चौकात, हरलो की नाही यावर वाद घालायला जागाच नव्हती. आत्मसमर्पणावर सह्या खुद्द सेनापतींच्या, कायटेल आणि योडलच्या, कुठल्या एर्झबर्गरच्या नाही. दुसरं, जिंकणारे या वेळी घरी गेले नाहीत. ते जर्मनीच्या प्रेमापोटी थांबले नव्हते, एकमेकांच्या भीतीने थांबले होते, पण थांबले. आणि तिसरं, पश्चिम जर्मनीला धंदा करू दिला. मार्शल योजना, म्हणजे अमेरिकेची मदत, सगळे सांगतात, मी १९५३ चा लंडन कर्ज करार सांगतो, त्यात बाहेरचं जुनं कर्ज साधारण निम्म्यावर आणलं, हप्ते पेलतील असे ठेवले, आणि जुन्या कर्जांवरचं काही व्याज जर्मनी एकत्र होईल तेव्हा बघू म्हणून बाजूला ठेवलं. ते होईल असं कुणाला वाटलं होतं! झालं, आणि त्या व्याजाचा शेवटचा हप्ता ३ ऑक्टोबर २०१० ला फिटला.

उलट उदाहरण पण देतो नाहीतर तुम्ही म्हणाल पैसे माफ केले की झालं. फिनलंडला सोव्हिएत युनियनने फारसं माफ केलं नाही. ३० कोटी डॉलरची भरपाई (१९४८ मध्ये तेव्हा उरलेल्यातली निम्मी सोडली), तीही जहाजं, यंत्रं अशा मालात, वर करेलिया घेतलं, तिथल्या चारेक लाख माणसांना देशात दुसरीकडे वसवावं लागलं. १९५२ पर्यंत त्यांनी बाकीचं सगळं दिलं. त्यासाठी उभारलेले कारखाने त्यांच्याकडेच राहिले. आवडीने नाही, पण मोठा शेजारी जागचा हलणार नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आणि डलेस. १९५१ चा सॅन फ्रान्सिस्कोचा जपानशी झालेला तह मुख्यतः त्यानेच घडवला, आता तो त्रेसष्ट वर्षांचा. त्या तहात युद्धाच्या जबाबदारीचं कलमच नाही. भरपाईच्या कलमात मात्र जपानने भरपाई द्यायला हवी आणि पूर्ण द्यायची ऐपत नाही हे दोन्ही एकाच कलमात लिहिलंय, म्हणजे जुनं २३२ आलं आणि २३१ गायब. माणूस शिकला होता. पण फुकट नाही, त्याच दिवशी जपानने अमेरिकेशी संरक्षण करार केला आणि ओकिनावा १९७२ पर्यंत अमेरिकेकडे राहिलं. ज्यांनी जपानचा मार सगळ्यात जास्त खाल्ला तो चीन आणि कोरिया, दोघांनाही आमंत्रण नव्हतं. सोव्हिएत आले आणि सही न करता गेले. भारत गेलाच नाही, १९५२ मध्ये वेगळा तह केला आणि भरपाई सोडून दिली. हरलेल्याशी चांगलं वागायचं म्हणून ज्यांचं देणं होतं त्यांनाच टेबलावरून उठवलं, आणि आज कोरिया-जपानमधली युद्धकाळात सक्तीने राबवलेल्या मजुरांवरून आणि लष्करी वेश्यालयांत ठेवलेल्या बायकांवरून चाललेली भांडणं, रशियाबरोबर कुरील बेटांचं भांडण, सगळी तिथून लोंबकळत आलीत.

आता हमखास पुढचा प्रश्न येतो, की मग १९१९ च्या वेळच्या तहांपैकी टिकला कुठला. पराभूतांशी केलेल्या पाचपैकी एकही धड नाही. पाचवा सेव्रचा, ऑगस्ट १९२० मध्ये चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात ऑटोमन प्रतिनिधींची सही घेतली आणि तो भांड्यासारखाच फुटला, तुर्की सेनापती मुस्तफा केमालने तो मानलाच नाही, ग्रीकांशी लढाई जिंकली, आणि जुलै १९२३ मध्ये लोझानला सगळ्यांना नव्याने बसायला लावलं. हरलेला देश बरोबरीने बसून बोलला असा तो एकटाच तह आणि तो शंभर वर्षांनंतर अजून चालू आहे. अभ्यासक त्याचं कौतुक करतात, मी पण करतो. पण त्याच्या आधी जानेवारीत एक जोडकरार झाला, ग्रीस आणि तुर्कस्तानने माणसांची अदलाबदल करायची. बाराएक लाख ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ग्रीसकडे (त्यातले बहुतेक आधीच जीव घेऊन पळालेले), साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानकडे. निकष भाषा नव्हे, धर्म. त्यामुळे अनातोलियातली माणसं, जी घरात तुर्की बोलायची, प्रार्थना पण तुर्कीत करायची, ती ग्रीसच्या बंदरावर उतरली तेव्हा त्यांना ग्रीक येत नव्हतं, आणि क्रीट बेटावरचे मुसलमान तुर्कस्तानात उतरले तेव्हा त्यांना ग्रीकच येत होतं. तिथल्या सरकारच्या परवानगीशिवाय परत जायची मुभा करारात दोघांनाही नव्हती.